नापास, पण कोणत्या कलमाखाली?

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने सिमेंट, सळई आणि सेंटरिंग यांविषयी लिहावे, हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. ‘हा इंजिनियरांचा प्रांत, तुमचे तिथे काय काम?’ असेही कोणी विचारील. परंतु घर हे एकट्या इंजिनियरचे नसते. ते बांधणारा गवंडी असतो, त्यासाठी पतपेढीचे कर्ज काढणारा कारकून किंवा शिक्षक असतो, आणि ते काम ‘नियमात बसत नाही’ असे सांगणारा नगरपालिकेचा किंवा महापालिकेचा निरीक्षक असतो. हा व्यवहार मुळात सत्ता आणि नागरिक यांच्यामधला आहे, आणि तो तर आमच्या राज्यशास्त्राचा पहिलाच धडा. म्हणून प्रश्न सरळच विचारतो. बांधकाम नापास करताना निरीक्षकाने कोणत्या नियमाचा, कोणत्या कलमाचा भंग झाला हे लेखी सांगितले पाहिजे की नाही?

माझे उत्तर असे, की सांगितलेच पाहिजे. कलम सांगणे हा निरीक्षकाने नागरिकावर केलेला उपकार नव्हे आणि कागदी घोडे नाचवण्याचा प्रकारही नव्हे. ज्या क्षणी कलम सांगितले जाते त्या क्षणी एका माणसाचे मत कायद्याचे म्हणणे होते. ते सांगितले नाही, तर उरते ती आपली जुनी ओळखीची म्हण – हम करेसो कायदा.

प्रथम हा व्यवहार चालतो कसा, ते थोडक्यात पाहू. घर बांधायचे तर आधी नकाशे दाखल करावे लागतात. ते मंजूर झाले की प्रारंभ प्रमाणपत्र मिळते. जोते झाल्यावर त्याची तपासणी होते, आणि सारे काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मिळते. ते मिळेपर्यंत घर कायद्याच्या दृष्टीने राहण्याजोगे नसते. नियमही थोडेथोडके नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याखाली मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळता राज्याला लागू झालेली एकत्रीकृत नियमावली डिसेंबर २०२० ची. शिवाय राष्ट्रीय इमारत संहिता आहे. ती प्रथम १९७० साली निघाली आणि १९८३, २००५ व २०१६ साली सुधारली गेली. भारतीय मानकांची पुस्तके आहेत ती वेगळीच. इतक्या नियमांच्या रानात ‘तुमचे काम नियमात बसत नाही’ हे वाक्य ऐकणाऱ्या माणसाने नेमके कुठे शोधायचे?

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका शिक्षकाने दोन खोल्यांवर मजला चढवला आणि जिना बांधला. निरीक्षक आले, वर-खाली पाहिले, आणि ‘जिना चुकला आहे, काढावा लागेल’ असे म्हणून निघून गेले. काय चुकले? पायरी उंच झाली, की अरुंद झाली? जिन्याची रुंदी कमी पडली, की कठडा बुटका झाला? आता हेच निरीक्षक असे लिहून देतात असे समजा : ‘राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या घराच्या आतील जिन्यात पायरीची रुंदी २५० मिलिमीटरपेक्षा कमी आणि उंची १९० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. आपल्या पायऱ्यांची उंची २१५ मिलिमीटर भरली.’ आणि शेजारी त्या तरतुदीचा क्रमांक. सारे चित्रच बदलून जाते. शिक्षक स्वतः टेप लावून मोजू शकतो. मोजमाप खरे निघाले तर तो मुकाट्याने पायऱ्या तोडील आणि पुढचे भांडण गवंड्याशी करील. मोजमाप खोटे निघाले तर वरिष्ठांकडे जाऊन दाद मागू शकेल. पहिल्या प्रकारात मात्र त्याच्या हाती एकच मार्ग उरतो, तो म्हणजे निरीक्षकाच्या मागे हिंडणे. ‘साहेब, नेमके काय करायचे ते सांगा’ ही विनवणी आणि ‘साहेब, काहीतरी मार्ग काढा’ ही विनवणी यांच्यामधले अंतर किती थोडे आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. चिरीमिरीला नेहमी धूसर जागा लागते. जिथे आकडा आणि कलम लिहिलेले असते तिथे घासाघीस करायला फारसे काही उरत नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘नोटिशीवर कलम तर असतेच की!’ असते, आणि गोंधळाचे मूळही तेथेच आहे. मुंबईत ‘तीनशे एक्कावनची नोटीस आली’ किंवा ‘तीनशे चोपन्न-अ लागले’ असे चाळीतला माणूसही सहज बोलून जातो. परंतु १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील ही कलमे कशाची आहेत? ती आयुक्तांना अधिकार देणारी कलमे आहेत. बेकायदा कामाबद्दल खुलासा मागण्याचा, चालू काम थांबवण्याचा अधिकार त्यांतून मिळतो. आपण कोणता नियम मोडला, हे त्यांतून कळत नाही. पोलिसाने माणसाला पकडावे आणि अपराध विचारला असता ‘मला पकडण्याचा अधिकार आहे’ असे उत्तर द्यावे, तसाच हा प्रकार. म्हणून कलमे दोन प्रकारची असतात हे ध्यानात ठेवले पाहिजे. एक अधिकाराचे कलम आणि दुसरे उल्लंघनाचे कलम. कार्यालये पहिले अगत्याने लिहितात. नागरिकाला गरज असते दुसऱ्याची.

कायद्याला ही कल्पना अपरिचित नाही. १९६६ च्या नगररचना अधिनियमाचे कलम ४५ म्हणते, की परवानगी नाकारायची असेल किंवा अटी घालून द्यायची असेल, तर त्या आदेशात कारणे नमूद केली पाहिजेत. लगेच पुढे कलम ४७ आहे. त्यात अशा आदेशाविरुद्ध अपील करण्यासाठी चाळीस दिवसांची मुदत दिली आहे. ही दोन्ही कलमे शेजारी असावीत यात मोठा अर्थ आहे. कारणच ठाऊक नसेल तर अपील कशाविरुद्ध करायचे? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही, आपल्या निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळवावीत, असे बंधन सार्वजनिक कार्यालयांवर चौथ्या कलमानेच घातले आहे. म्हणजे कागदावरच्या नकाशापुरते तत्त्व मान्य झालेले आहे. अडचण येते ती प्रत्यक्ष जागेवर. नकाशा नाकारणारा अधिकारी टेबलाशी बसून लिहितो. जोत्यावर उभा राहिलेला निरीक्षक तोंडी बोलतो. आणि घरमालकाचे खरे नुकसान जागेवरच होते, कारण तोवर सिमेंट ओतलेले असते आणि मजुरी चुकती झालेली असते.

कारण लिहून देण्याने संरक्षण केवळ नागरिकाचेच होते असे नाही. ते अधिकाऱ्याचेही होते. याबाबत मुंबईतीलच एक जुना खटला मोठा उद्बोधक आहे. गोरधनदास भानजी यांना अंधेरी येथे चित्रपटगृह बांधायचे होते. त्या काळी अशी परवानगी पोलीस आयुक्त देत. जुलै १९४७ मध्ये ती मिळाली. पुढे सप्टेंबर महिन्यात आयुक्तांचे पत्र आले, की शासनाच्या निर्देशावरून आपली परवानगी रद्द करण्यात येत आहे. पत्रात दुसरे काही कारण नव्हते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा निर्णय आपणच घेतला होता असे आयुक्तांच्या वतीने सांगण्यात आले. १९५१ साली न्यायालयाने ते मानले नाही. सार्वजनिक अधिकाराने दिलेल्या आदेशाचा अर्थ त्या आदेशातल्या शब्दांवरूनच लावायचा. मागाहून दिलेल्या खुलाशाने तो बदलता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. कायद्याने निर्णय घेण्याचे काम आयुक्तांवर सोपवले होते. ते त्यांनी वरच्यांच्या शब्दावर सोडून दिले, हा खरा दोष ठरला. पुढे मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणूकविषयक खटल्यातही याच निकालाचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व पक्के केले, की आदेशाची वैधता त्यात लिहिलेल्या कारणांवरूनच ठरेल. नंतर प्रतिज्ञापत्रातून नवी कारणे जोडता येणार नाहीत.

आता हा धडा आपल्या निरीक्षकाला लावून पाहा. एखाद्या वजनदार बिल्डरचे काम त्याने नापास केले. संध्याकाळी नगरसेवकाचा फोन येतो, दुसऱ्या दिवशी वरिष्ठांचा. ज्याने फक्त ‘काम बरोबर नाही’ असे म्हटले असेल त्याला ‘बरोबर आहे’ असे म्हणायला लावणे फारसे कठीण नाही. मताला मत बदलायला वेळ लागत नाही. परंतु ज्याने मोजमाप आणि कलम लिहून ठेवले त्याचा शब्द फिरवायचा तर वरिष्ठाला त्या कागदाखाली स्वतःची सही करावी लागेल, आणि ती सही करताना बहुतेकांचा हात थबकतो. प्रामाणिक निरीक्षकाला याहून स्वस्त आणि याहून मजबूत ढाल दुसरी मिळणार नाही.

तिसरा लाभ गवंड्याचा, आणि त्याची चर्चा सहसा कोणी करत नाही. आपल्याकडची बहुतेक लहान घरे मिस्त्री आणि सळई बांधणारा फिटर यांच्या हातून उभी राहतात. त्यांचे ज्ञान उस्तादाकडून शिष्याकडे असे चालत आलेले. कॉलममधील उभ्या सळयांना ज्या रिंगा बांधतात त्यांची टोके किती वळवायची? पुष्कळ ठिकाणी ती काटकोनात वळवून सोडून देतात, कारण ते सोपे. भूकंपरोधक बांधणीच्या मानकात, म्हणजे आय. एस. १३९२० मध्ये, ती १३५ अंशांत वळवून टोक आतल्या काँक्रीटमध्ये रुतवायला सांगितले आहे. कारण स्पष्ट आहे. धक्का बसला की बाहेरचे काँक्रीट निखळते, काटकोनातली टोके उघडतात, रिंग सुटते आणि उभ्या सळया काडीसारख्या बाहेर वाकतात. हे मानक प्रथम निघाले १९९३ साली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तेथे पडली ती प्रामुख्याने दगडमातीची जड घरे. परंतु २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भुजपासून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या, तेव्हा काँक्रीट म्हणजे सुरक्षितता हा समजही त्यांच्याबरोबर कोसळला. अशा वेळी निरीक्षकाने ‘रिंगा चुकल्या’ एवढेच म्हटले, तर फिटर त्या सोडतील आणि पुन्हा कशातरी बांधतील. ‘या मानकाच्या या तरतुदीप्रमाणे १३५ अंशांचा आकडा हवा, कारण असे असे’ म्हणून सांगितले, तर तो फिटर पुढची पन्नास घरे नीट बांधील. नापास करणे हे शिकवणेही असते, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पहिला आक्षेप असा, की निरीक्षक हा वकील नव्हे, त्याला हजारो तरतुदी तोंडपाठ कशा असाव्यात? एका निरीक्षकाकडे कामे कितीतरी असतात. प्रत्येक ठिकाणी पुस्तक उघडून बसला तर एकही काम उरकणार नाही. आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर अवघड नाही. बांधकामातल्या चुका अनंत नसतात; त्याच त्या पुन्हापुन्हा होतात. कॉलमच्या सळईवर ४० मिलिमीटरचे आच्छादन नसणे, रिंगा विरळ असणे, बाजूची मोकळी जागा खाणे, जिना, कठडा, खिडकीचे क्षेत्रफळ. अशा नेहमीच्या चुकांची क्रमांकांसह एक यादी छापून निरीक्षकाच्या खिशात दिली, तर बहुतेक वेळा खूण करून मोजमाप भरायचे तेवढेच उरेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. प्रत्येक दोषाला कलम सापडतेच असे नाही. अनुभवी डोळ्याला काँक्रीट ‘भुसभुशीत’ दिसते, भिंत ‘ओळंब्यात नाही’ हे जाणवते. कलम सापडेना म्हणून निरीक्षकाने असे काम पास केले, आणि उद्या ते कोणाच्या डोक्यावर पडले तर? शीळ येथील बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ७४ माणसे मेली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची पाच मजली इमारत पडली, तिच्यात १६ जण गेले. अशा देशात निरीक्षकाचे हात बांधायचे काय?

हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. जिथे जीवाला धोका दिसतो तिथे निरीक्षकाने काम तोंडी सांगून त्याच क्षणी थांबवावे. मात्र दोन दिवसांच्या आत कारण लेखी द्यावे. आधी थांबवा आणि मग लिहा यास माझी हरकत नाही. आधी थांबवा आणि कधीच लिहू नका यास आहे. दुसरे असे, की चुकीचा क्रमांक पडला म्हणून आदेश रद्द होऊ नये. अधिकार मुळात असेल तर केवळ चुकीचे कलम लिहिल्याने आदेश बाद होत नाही, असे आपली न्यायालये सांगत आली आहेत, आणि ते योग्यच आहे. नाहीतर बिल्डरांचे वकील टंकलेखनाच्या चुकांवर इमारती उभ्या करतील. आणि कलम खरोखरच नसेल तर? तर निरीक्षकाने तसे प्रांजळपणे लिहावे : ‘हा माझा सल्ला आहे, आदेश नव्हे.’ भुसभुशीत काँक्रीटच्या बाबतीत मात्र ती वेळ यायची नाही. काँक्रीटच्या ताकदीची चाचणी करून घ्या असे सांगायला मानकात जागा आहे. शीळची इमारत काही कलम शोधण्याच्या नादात उभी राहिली नव्हती. ती बेकायदा होती आणि तरीही मजल्यावर मजले चढत गेले. कलमांच्या अतिरेकाने माणसे मेल्याचे मला ठाऊक नाही. लिहिण्याची वेळ आली असता न लिहिण्याने मात्र मेली आहेत.

तरीही नुसत्या क्रमांकावर भाळून जाऊ नये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जात. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ असा त्यांचा अर्थ. दारावर खूण होती, ती अधिकृतही होती. पण आपल्या घरात काय वाईट आहे, खिडकी नाही की मोरी तुंबली, हे आत राहणाऱ्या गिरणीकामगाराला त्या तीन अक्षरांतून काय कळणार? कलमाचा क्रमांकही असाच मुका होऊ शकतो. म्हणून मागणी केवळ क्रमांकाची नसून तीन ओळींची असावी. पहिल्या ओळीत काय पाहिले ते मोजमापासह, दुसऱ्या ओळीत कोणता नियम मोडला, आणि तिसऱ्या ओळीत काय केले असता काम पास होईल. खाली अपील कोणाकडे व किती दिवसांत, एवढे जोडावे. आणि हे सारे मराठीत असावे. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठी बंधनकारक करणारा कायदा २०२२ साली विधिमंडळाने केलाच आहे. मूळ मानक इंग्रजीत असेल तर असो. पण पायरीची उंची जास्त झाली, हे सांगायला मराठीत शब्द कमी पडत नाहीत.

शेवटी, हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. उत्तरपत्रिकेवर दोन गुण का मिळाले याचे उत्तर विद्यार्थ्याला अनेक वर्षे कोणी देत नव्हते. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम’ एवढेच कानी पडे. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय खटल्यात निकाल दिला, की तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला आहे. त्याने परीक्षा बुडाल्या नाहीत आणि परीक्षकांची प्रतिष्ठाही गेली नाही. समासात ‘येथे संदर्भ चुकला’ असे लिहिणाऱ्या प्राध्यापकांविषयी आपल्याला राग येत नाही, उलट आदर वाटतो. राग येतो तो लाल रेघ ओढून गप्प राहणाऱ्यांचा. जो न्याय आपण उत्तरपत्रिकेसाठी मागतो तो कर्ज काढून बांधलेल्या जिन्यासाठी नाकारता येणार नाही.

आपल्यापैकी काही जण उद्या स्पर्धा परीक्षा देऊन नगरपालिकांत मुख्याधिकारी होतील, बरेच जण घरे बांधतील, आणि सगळेच कोणाच्या तरी बांधलेल्या घरात राहतील. मुख्याधिकारी होणाऱ्यांनी ती तीन ओळींची यादी पहिल्याच महिन्यात छापून घ्यावी. खर्च फार नाही. आणि बाकीच्यांनी ‘काम नियमात बसत नाही’ असे ऐकले, की हात न जोडता आणि आवाजही न चढवता एवढेच विचारावे : ‘साहेब, कोणत्या नियमात? तेवढे लिहून द्या.’

– तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)